लांडग्याच्या पाऊलखुणा

आठव्या शतकातील जैन पंडित हरिभद्रसूरी याने भारतीय दर्शनांचा परिचय करून देणारा ‘षड्दर्शनसमुच्चय’ नावाचा एक छोटेखानी पद्यग्रंथ लिहिला, आणि त्याच्या अखेरीस चार्वाकांचे मत सांगताना लांडग्याच्या पावलांचा असा काही ओझरता उल्लेख केला की, पुढील टीकाकारांना त्यामागची गोष्ट सविस्तर सांगणे भाग पडले. ती गोष्ट अशी. एका नास्तिक गृहस्थाची पत्नी श्रद्धाळू होती. परलोक आणि पापपुण्य यांविषयी नगरातील बहुश्रुत मंडळी जे सांगत ते तिला शिरसावंद्य वाटे, आणि इतक्या जाणत्या माणसांचे एकमुखाने चुकत असेल ही कल्पनाच तिला सहन होत नसे. नवऱ्याने अखेर वाद घालणे सोडून दिले. एके रात्री तिला विश्वासात घेऊन तो घराबाहेर पडला, आणि वेशीपासून चव्हाट्यापर्यंत रस्त्यावरच्या धुळीत हाताच्या बोटांनी त्याने लांडग्याची पावले हुबेहूब उमटवून ठेवली. सकाळी लोक जमले, मागोमाग विद्वानही आले, आणि रात्री अरण्यातून लांडगा येऊन गेल्याखेरीज अशी पावले उमटणे शक्य नाही, असा निर्णय त्यांनी देऊन टाकला. नवरा पत्नीला एवढेच म्हणाला की, स्वर्गनरकाविषयी ज्यांचे म्हणणे तुला प्रमाण वाटते ती माणसे हीच.

या गोष्टीतील विद्वान मूर्ख नव्हते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे मर्म हाती लागत नाही. लांडगा म्हणून प्राणी असतो, त्याची पावले तशीच असतात, आणि नगराजवळ अरण्यही होते; तेव्हा त्यांचे अनुमान तुमच्याआमच्या नित्याच्या अनुमानांइतकेच रीतसर होते. उणीव राहिली ती एवढीच की, ही पावले दुसऱ्या कशाने उमटली असतील काय, असे कोणी विचारले नाही. आणि एकाच्या निर्णयाला दुसऱ्याने, दुसऱ्याच्या निर्णयाला तिसऱ्याने दुजोरा दिल्यामुळे पुरावा वाढत चालला असे सर्वांना वाटले, वास्तविक वाढत होते ते साक्षीदार, आणि त्यांच्यापैकी एकानेही लांडगा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आपल्याकडील वेताळ, चकवा, अंगात येणे, करणी आणि मूठ यांच्या कथा या दृष्टीने तपासून पाहाव्यात. सांगणारा प्रामाणिक असतो, ऐकणारा भोळाच असतो असेही नाही, आणि तरीही मूळ घटनेपर्यंत मागे जात गेले तर बहुधा प्रत्येकाने ती दुसऱ्याकडून ऐकलेली असते.

ईश्वर नाही, असे ही गोष्ट सिद्ध करीत नाही. तसा तिचा दावाही नाही. ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ एवढीच तिची पृच्छा आहे. हा प्रश्न पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आपल्याकडे आला, अशी एक समजूत सुधारक आणि सनातनी या दोन्ही पक्षांत रूढ होऊन बसली आहे; पहिल्यांना तिचा अभिमान वाटतो, दुसऱ्यांना तिचा आधार वाटतो. वस्तुस्थिती अशी की, प्रमाण कोणते आणि ते कोठवर चालते, याचा कज्जा या देशातील दार्शनिकांनी हजारबाराशे वर्षे मोठ्या ईर्ष्येने लढविला, आणि त्यात ईश्वराविरुद्ध सर्वांत तिखट युक्तिवाद करणाऱ्यांपैकी काहीजण वेदविद्येचे कट्टर अभिमानी होते.

प्रथम चार्वाकांविषयी. त्यांची बृहस्पतिप्रणीत म्हणून सांगितली जाणारी सूत्रे नष्ट झाली, आणि त्यांचे मत आज आपल्याला कळते ते मुख्यतः त्यांचे खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. वादीची मूळ कैफियत गहाळ व्हावी आणि प्रतिवादीच्या जबाबावरून ती जुळवावी लागावी, असा हा प्रकार आहे. चौदाव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाला असलेल्या माधवाचार्याने ‘सर्वदर्शनसंग्रहा’चे पहिलेच प्रकरण चार्वाकांना दिले; वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी १९२४ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेमार्फत या ग्रंथाची जी सटीक आवृत्ती काढली, तिच्यामुळे मराठी अभ्यासकांची त्याच्याशी चांगली ओळख झाली. त्या प्रकरणातील ऋण काढून तूप पिण्याचा उपदेश लोकांच्या तोंडी बसला, पण त्याहून मोलाचे एक विधान तेथे जाता जाता केलेले आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अनुमानाने कधीकधी फळ मिळते त्याची वाट काय, या आक्षेपाला उत्तर देताना चार्वाक म्हणतो की, मणी, मंत्र आणि औषधी यांचे फळ जसे क्वचित यदृच्छेने मिळते तसेच हेही. म्हणजे ताईत बांधल्यावर ताप उतरला तर ताप ताइताने उतरला असे ठरत नाही. ताप उतरायचा तेव्हा उतरतोच, आणि ताईत त्या सुमारास दंडावर असतो.

ग्रीकांच्या डायागोरस नावाच्या नास्तिकाची अशीच एक आख्यायिका रोमन लेखक सिसेरो याने नोंदवून ठेवली आहे. सॅमोथ्रेस बेटावरील देवळात, वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडण्यासाठी लावलेल्या चित्रफलकांची रांग दाखवून एका मित्राने त्याला विचारले की, देव माणसांची काळजी घेतात हे आता तरी पटते ना? डायागोरसने विचारले की, जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? आपल्याकडे नवसाला पावणाऱ्या देवाची कीर्ती नेमकी याच वाटेने पसरते. ज्याला मूल झाले तो पाळणा वाहायला पुन्हा येतो. ज्याला झाले नाही तो दुसऱ्या देवाकडे जातो, आणि पहिल्या देवळाच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. कोकणात आणि गोमंतकात देवाला कौल लावताना मूर्तीवर चिकटविलेली कळी किंवा पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे, यावर सोयरिकी आणि जमिनीचे व्यवहार ठरतात. पाकळी कोठेतरी पडणारच, आणि तिने दिलेला कौल खरा ठरला तर तो पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, खोटा ठरला तर मागणाऱ्याच्या हातून काही चूक झाली असेल, असे म्हणून तो विसरला जातो. देव हरण्याची सोयच या व्यवस्थेत ठेवलेली नाही.

पण चार्वाकांकडून हे यावे यात नवल नाही. नवल आहे ते पूर्वमीमांसेचे. यज्ञकर्माच्या एकेका तपशिलाचा हजारो सूत्रांतून खल करणारे, वेदाचे अक्षरही पुरुषकृत मानावयास तयार नसलेले हे शास्त्र. त्याच्या जैमिनिसूत्रांवरील उपलब्ध भाष्यांपैकी सर्वांत जुने भाष्य शबरस्वामीचे. त्याच्या नवव्या अध्यायात असा वाद आला आहे की, यज्ञातील देवतेला शरीर असते काय, ती हवि भक्षण करते काय, आणि प्रसन्न होऊन फळ देते काय. शबराचे उत्तर तिन्हींना नकारार्थी आहे. देवता जेवत असती तर वाढलेले अन्न कमी झाले असते. ते होत नाही. पूर्वपक्षी म्हणतो, भुंगा जसा फुलातला मधच घेतो तशी देवता अन्नातील रस तेवढा घेते, म्हणून तर नैवेद्याचे अन्न मागाहून बेचव लागते. शबर म्हणतो, उघड्यावर वारा लागला आणि थंड झाले म्हणजे अन्न बेचव लागतेच. पूर्वपक्षी पुढे म्हणतो, ‘हे देवाचे गाव’, ‘हे देवाचे शेत’ असे लोक बोलतात, त्या अर्थी देवाला मालकी आहे. त्यावर शबराचे म्हणणे असे की, ती केवळ बोलण्याची पद्धत झाली. देव त्या गावाचा किंवा शेताचा आपल्या मर्जीप्रमाणे विनियोग करताना कोणाला दिसत नाही, त्यावर चरितार्थ चालतो तो देवाच्या सेवेकऱ्यांचा. पुढे आपल्या मुलखात देवस्थानांच्या इनामांच्या सनदा आल्या, त्यांवर गुरव-पुजाऱ्यांचे वंशपरंपरा हक्क आले, उत्पन्नाच्या वाटण्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या साऱ्या दस्तऐवजांचे सार या जुन्या भाष्यकाराने दोन वाक्यांत आधीच सांगून ठेवले होते.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता एका दिवसात देशभर, किंबहुना परदेशांतील आपल्या लोकांपर्यंत पसरली, तेव्हा देवळांपुढे लागलेल्या रांगांत सुशिक्षितांची वाण नव्हती. चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे सोंडेच्या दगडाला चिकटून ओढले जाते आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवून दिले. तथापि पृष्ठताण ठाऊक नसतानाही पहिले पाऊल टाकता आले असते: प्यायलेले दूध जाते कोठे, एवढे विचारावयाचे होते. शबरस्वामी त्या रांगेत असता तर त्याने मूर्तीच्या पायथ्याशी नजर टाकली असती, आणि मग घरी जाऊन आपला अग्निहोत्राचा होम निर्विकारपणे केला असता. ही शेवटची गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते, आणि तिच्याकडे पुढे वळायचे आहे.

सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्त्याचाच समाचार घेतला. त्याची उलटतपासणी वाचताना एखाद्या निष्णात वकिलाची आठवण येते. सृष्टी नव्हती तेव्हा निर्माता कोठे बसला होता? त्याला शरीर होते काय? नसेल तर निर्मितीची इच्छा आणि प्रयत्न कसा केला, आणि असेल तर ते शरीर कोणी निर्मिले? करुणेपोटी निर्मिती केली म्हणावे, तर करुणा यावी असा जीवच तेव्हा नव्हता. आणि करुणाच असती तर दुःखाचा लवलेश नसलेली सृष्टी व्हावयास हवी होती. जीवांच्या पूर्वकर्मानुसार त्याला दुःख निर्मावे लागले म्हणावे, तर त्याचे स्वातंत्र्य गेले. क्रीडा म्हणून केली म्हणावे, तर जो कृतार्थ आहे त्याला करमणुकीची गरज का पडावी? आणि सर्वांत मार्मिक प्रश्न शेवटी: हे सारे पाहिले कोणी? जे जीव नंतर निर्माण झाले त्यांना आधीचे ठाऊक असणे शक्य नाही. आणि निर्मात्याने स्वतः येऊन सांगितले तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण आपले ऐश्वर्य मिरविण्यासाठी, न केलेली सृष्टीही आपण केली असे तो सांगू शकेल! साक्षीपुराव्याच्या कायद्यात स्वतःच्या लाभासाठी दिलेल्या साक्षीकडे ज्या संशयाने पाहतात, त्याच संशयाने कुमारिल प्रजापतीकडे पाहतो, आणि हे लिहिताना त्याचा हात कापलेला दिसत नाही.

नैयायिकांना हे मानवणारे नव्हते. त्यांचा युक्तिवाद असा की, घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार हा कर्ता असतो. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने याला वारुळाचे उदाहरण देऊन गप्प केले: मातीची रचना दिसली की कुंभार मानायचा, तर वारूळही कुंभाराने केले म्हणावे लागेल. परंतु दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्याने ‘न्यायकुसुमांजली’त अनुमानावरच शंका घेणाऱ्यांना जे उत्तर दिले ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही, आणि संशयवादाची भलावण करणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. उदयन म्हणतो, शंकेला मर्यादा असते, आणि ती मर्यादा तुमच्याच वर्तनाने पडते. धुराचा अग्नीशी संबंध नसेलही, अशी शंका तोंडाने घेणारा मनुष्य धूर हवा असला की अग्नीच पेटवतो, भूक लागली की अन्नाकडेच जातो. त्याची शंका त्याच्या कृतीने खोटी पडते. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त उदयनाचेच शब्द थोडे फिरवून त्याची थट्टा केली. थट्टा उत्तम आहे, पण मला वाटते, उदयनाचा मुद्दा तिने ढळत नाही. केवळ शंका म्हणून शंका घेणारा माणूस जगू शकत नाही.

मर्यादाच नाकारणारा एक ग्रंथकार आपल्याकडे होऊन गेला, त्याचे नाव जयराशी भट्ट. त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंहा’ची ताडपत्रावरील पोथी गुजरातेत पाटण येथील भांडारात सापडली, आणि पंडित सुखलालजी व रसिकलाल परीख यांनी ती संपादून १९४० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली. जयराशीने प्रत्यक्षासकट सर्व प्रमाणांची लक्षणे मोडीत काढली, आपले युक्तिवाद देवगुरू बृहस्पतीच्याही ध्यानी आले नव्हते अशी फुशारकी मारली, आणि निष्कर्ष काय काढला, तर सर्व तत्त्वे अशी उद्ध्वस्त झाल्यावर लोकव्यवहार विचार न करता जसा चालला आहे तसा रमणीयच आहे. एवढी मेहनत करून गावातला भगत आणि गावातला वैद्य या दोघांना एकाच रांगेत बसविणारा हा संशय बुद्धीचा व्यायाम म्हणून थोर आहे. करणीच्या संशयावरून एखाद्या म्हातारीला गावाबाहेर काढावयास निघालेल्या जमावापुढे त्याचा काडीइतका उपयोग नाही.

उदयनाचा आक्षेप मान्य करूनही ईश्वरानुमान नाकारता येते, आणि ती वाट उदयनाच्या आधीच ज्याने दाखवून ठेवली त्याचे नाव पुरंदर. हाही चार्वाकच, त्याचा ग्रंथ नष्ट झाला आहे, आणि आठव्या शतकातील बौद्ध पंडित कमलशील याने ‘तत्त्वसंग्रहा’वरील टीकेत त्याचे मत उद्धृत केले म्हणून ते उरले. पुरंदराचे म्हणणे असे की, लोकव्यवहारात प्रसिद्ध असलेले अनुमान चार्वाकांनाही मान्य आहे. लोकव्यवहाराची वाट ओलांडून जे अनुमान परलोकात शिरते ते मात्र मान्य नाही. वरकरणी ही तडजोड वाटते. पण विचार केला असता कळते की, सबंध कज्ज्याचा निकाल येथेच लागतो. धुरावरून अग्नी अनुमानणाऱ्याला डोंगरावर चढून खातरजमा करून घेण्याची मुभा असते, आणि अनुमान चुकले तर ते चुकले असे तो उघड्या डोळ्यांनी पाहतो. कार्यावरून जगत्कर्ता अनुमानणाऱ्याला कोणत्या डोंगरावर चढता येते? जग निर्माण होताना आपण एकदाही पाहिले नाही. कुंभार आणि घट यांचे साहचर्य शेकडो वेळा पाहिले, निर्माता आणि सृष्टी यांचे एकदाही नाही.

मूळ भेद अनुभवाकडे परत येण्याच्या सोयीचा आहे, श्रद्धा आणि अश्रद्धा यांचा नव्हे. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने नेमका हाच आक्षेप आपल्या नैसर्गिक धर्माविषयीच्या संवादांत घेतला: घरे बांधली जाताना आपण पाहतो म्हणून घरावरून गवंडी अनुमानतो, पण जगे बांधली जाताना कोणी पाहिली आहेत? तो ग्रंथ त्याने हयातीत छापण्याचे टाळले. १७७६ मध्ये तो वारला आणि १७७९ मध्ये पुस्तक बाहेर आले. पुरंदराचे नाव त्याच्या कानावर गेले असेल असा संभव नाही. दोन दूरच्या माणसांनी स्वतंत्रपणे एकच फट शोधून काढली, ती भिंतीत खरोखरच असल्यामुळे.

आता त्या होमाकडे. कुमारिलाने कर्ता उडविला, शबराने देवतेचे शरीर आणि भोजन उडविले, परंतु विधी तसाच राहिला. कारण वेद स्वतःप्रमाण, त्याची आज्ञा आहे म्हणून कर्म करावयाचे, आणि ‘हे कशावरून?’ हा प्रश्न वेदाच्या उंबरठ्याशी आल्यावर जोडे काढून बाहेर उभा राहत असे. परिणाम असा झाला की, ईश्वर नाकारूनही एकही रूढी हलली नाही. उलट आपल्या संतांनी ईश्वराला घट्ट धरून ठेवले आणि नवससायास, शेंदूर फासलेले धोंडे, अंगात येणाऱ्या देवता यांवर कोरडे ओढले. ईश्वरावरील अविश्वास आणि अंधश्रद्धेवरील अविश्वास या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी पदरात पडतेच असे नाही, हे आपल्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून संशयाची दीक्षा घेतली आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढून तो प्रश्न थेट रूढीला विचारला. विधवेचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे यांना आधार कोणता, म्हणून. पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच १८९५ मध्ये ते गेले. ज्या शास्त्रीवर्गाने त्यांना पाखंडी ठरविले त्याच्या परंपरेत कुमारिल पूज्य होता, हे आठवले म्हणजे हसावे की रडावे ते कळत नाही. कुमारिल ईश्वर नाकारूनही आस्तिकच, कारण वेद मानतो. आगरकर ईश्वराविषयी केवळ अज्ञेयवादी असूनही नास्तिक, कारण वपनाचा आधार विचारतात.

मीमांसकांनाही आपला निरीश्वरवाद फार काळ पेलला नाही. स्वतः कुमारिलाच्या ग्रंथारंभी चंद्रकोर धारण करणाऱ्या देवाला नमन आहे, आणि पार्थसारथी मिश्रासारख्या टीकाकाराला ते नमन यज्ञालाच आहे असा अर्थ लावण्याची खटपट करावी लागली. सतराव्या शतकातील आपदेव हा आपल्याच मुलखातला. त्याच्या पुत्राने दिलेल्या वंशावळीप्रमाणे त्याचे घराणे पैठणच्या एकनाथांपर्यंत जाते. त्याच्या ‘मीमांसान्यायप्रकाशा’च्या अखेरीस कर्म ईश्वरार्पणबुद्धीने केले असता मोक्ष मिळतो असे सांगून देवाला पुन्हा घरात घेतलेले आहे. नाथांच्या वंशजाकडून दुसरे काय अपेक्षावे? पण याच शतकात काशीला खंडदेव नावाचा मोठा मीमांसक होता. पंडितराज जगन्नाथाचे वडील त्याच्यापाशी मीमांसा शिकले. त्याने ‘भाट्टदीपिके’त देवताधिकरण, म्हणजे शबराने चर्चिलेला देवतेविषयीचा तोच वाद, आला तेव्हा टाळाटाळ केली नाही. देवतेला शरीर नाही, ती हवि खात नाही, प्रसन्न होत नाही, फळ देत नाही, हे जैमिनीचे मत त्याने एकही युक्तिवाद न गाळता मांडले, जैमिनीचा आशय हाच असा स्वच्छ निर्वाळा दिला, आणि लगेच पुढे लिहिले की, असे बोलताना माझी वाणी विटाळते, म्हणून हरिस्मरण हाच मला आधार.